बहात्तर धाग्यांचा धर्म

2011 च्या जनगणनेत भारतातल्या पारशांची संख्या 57,264 भरली. त्याच जनगणनेत एकट्या इचलकरंजी शहराची लोकसंख्या सुमारे 2 लाख 87 हजार होती. अख्ख्या देशातले पारशी एका ठिकाणी आणले, तरी आपल्या गावाचा जेमतेम पाचवा हिस्सा भरेल. इचलकरंजीकराला पारशी ठाऊक आहे तो बहुतेक कापडाच्या वाटेने. मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी काढली, 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला तोवर पश्चिम हिंदुस्थानात गिरणी आणि पारशी आडनाव जोडीनेच घेतले जात होते. उद्योग, दानशूरपणा, सचोटी ही पारशांची ओळख आपल्याकडे पक्की आहे. त्यांचा धर्म मात्र आपण ‘अग्निपूजक’ या एका शब्दात उरकतो आणि पुढे जातो. हा अन्याय केवळ एका लहान समाजावर होत नाही. जगाच्या धार्मिक इतिहासाचा एक मोठा तुकडाच त्यामुळे आपल्या नजरेआड राहतो. माझे म्हणणे असे की, जगात सत्य आणि असत्य यांचा झगडा चालू आहे, त्यात प्रत्येक माणसाला स्वतःच्या बुद्धीने बाजू निवडावी लागते आणि या झगड्याला कधीतरी शेवट आहे, हा विचार इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा मांडण्याचे श्रेय पारशांचा प्रेषित जरथुष्ट्र याच्याकडे जाते. आज जगातली निम्म्याहून अधिक माणसे ज्या धर्मांत वाढतात, त्यांच्या श्रद्धेत या विचाराच्या खुणा आहेत. हे म्हणणे पुराव्याने पटवता येते, आणि त्या पुराव्यातला बराच भाग महाराष्ट्रातलाच आहे.

विणकरांच्या गावाने या धर्माकडे पाहायला सुरुवात करावी ती त्याच्या विणकामापासून. पारशी स्त्री-पुरुष अंगात पातळ पांढऱ्या सुती कापडाचा सदरा घालतात आणि कमरेला कुस्ती बांधतात. ही कुस्ती म्हणजे आपल्या तालमीतली नव्हे, तर लोकरीचा विणलेला पवित्र दोरा. मेंढीची लोकर बारीक कातून, दोन पदर एकत्र पिळून, लहानशा हातमागावर 72 धाग्यांचा ताणा लावतात. हे धागे बारा-बाराच्या सहा गटांत विभागलेले असतात. विणताना पट्टी सपाट होत नाही. आतून पोकळ, नळीसारखी होत जाते. परंपरेने हे काम धर्मगुरूंच्या घरातल्या बायका करतात. विणून झाले की धर्मगुरू मंत्र म्हणत ती मागावरून कापतो. मग तिची आतली बाजू बाहेर उलटवून घेतात आणि दोन्ही टोकांना तीन-तीन गोंडे वळतात, एकेका गोंड्यात 24 धागे. बहात्तर हा यस्न या मुख्य उपासनाग्रंथातल्या अध्यायांचा आकडा, चोवीस हा विस्पेरद या दुसऱ्या ग्रंथाच्या अध्यायांचा, बारा महिन्यांचा आणि सहा वर्षातल्या सहा ऋतुसणांचा. कमरेभोवती तिचे तीन वेढे घेतात ते सद्विचार, सद्वचन आणि सत्कृत्य यांचे. दिवसातून अनेकदा ती सोडून प्रार्थना म्हणत पुन्हा बांधायची असते, आणि दुष्ट शक्तीचा धिक्कार करताना तिची टोके झटकायची असतात. ज्या विधीत ती पहिल्यांदा बांधली जाते तो नवजोत. मूल समजते झाले, प्रार्थना त्याला स्वतः म्हणता येऊ लागली, की साधारण सात वर्षांनंतर तो करतात. आपल्या मुंजीशी त्याचे साम्य उघड आहे, पण एक फरक मोठा आहे. कुस्ती मुलीलाही मुलाइतकीच बांधली जाते. धर्म जर प्रत्येकाने स्वतः पत्करायचा असेल, तर त्यातून मुलीला वगळता येत नाही.

हा दोरा भारतात पारशांच्याही आधी येऊन गेला होता. सहाव्या शतकातला वराहमिहिर आपल्या बृहत्संहितेत सांगतो की सूर्याच्या मूर्तीची प्रतिष्ठा मगांनी करावी, आणि त्या मूर्तीला उत्तरेकडचा वेश असावा. मग म्हणजे इराणातून आलेले पुरोहित. पुराणांत त्यांना शाकद्वीपाहून आलेले म्हटले आहे आणि ते कमरेला ‘अव्यंग’ नावाचा पट्टा बांधत, अशी नोंद आहे. अवेस्ता या जरथुष्ट्री धर्मग्रंथाच्या भाषेत कुस्तीचे जे नाव आहे, त्याचेच हे संस्कृत रूप. म्हणजे इराणी धर्माचा एक प्रवाह आपल्या सूर्योपासनेत मिसळून गेला आणि कालांतराने आपण तो विसरलो. देवाणघेवाण झाली की घेणाऱ्याला ती आठवत नाही, याचे हे घरचे उदाहरण पुढे यहुदी धर्माविषयी बोलताना उपयोगी पडेल.

जरथुष्ट्र केव्हा झाला, यावर एकमत नाही. इराणी परंपरा त्याला सिकंदराच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी ठेवते. भाषेचे अभ्यासक मात्र त्याला बरेच मागे, इसवी सनापूर्वी 1500 ते 1000 च्या दरम्यान नेतात, कारण त्याच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या सतरा गाथांची भाषा ऋग्वेदाच्या भाषेची सख्खी बहीण आहे. ध्वनिबदलाचे काही नियम लावले, तर गाथेतली ओळच्या ओळ वैदिक संस्कृतात उतरवता येते. या सतरा गाथा यस्नाच्या बहात्तर अध्यायांमध्ये विखुरलेल्या आहेत, आणि त्या इतर मजकुराहून जुन्या व वेगळ्या आहेत ही गोष्ट जगापुढे ठामपणे मांडली गेली ती पुण्यातून. मार्टिन हाउग हा जर्मन पंडित 1859 मध्ये पूना कॉलेजात, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजात, संस्कृत अध्यापनाचा प्रमुख म्हणून आला आणि 1866 पर्यंत राहिला. पुण्याच्या वैदिक ब्राह्मणांकडून त्याने सोमयागाचे विधी प्रत्यक्ष समजून घेतले, पारशी दस्तुरांकडून, म्हणजे धर्मगुरूंकडून, यस्नाचा विधी समजून घेतला, आणि सोम व त्याचे इराणी रूप हओम यांच्या उपासनेतले साम्य शेजारी ठेवून तपासले. 1862 मध्ये मुंबईत छापलेल्या त्याच्या निबंधांत त्याने बजावले की जरथुष्ट्राची शिकवण काय होती हे पाहायचे तर गाथा पाहा. नंतरच्या पिढ्यांनी रचलेले विधिनिषेध त्याच्या तोंडी घालू नका. एवढे निवडून काढायला दोन्ही परंपरांचे जाणते पुरोहित एकाच मुलखात भेटावे लागले. त्या काळी तशी सोय पुण्या-मुंबईइतकी दुसरीकडे क्वचितच असेल.

हाउगचे सगळेच टिकले असे नाही. आपण ज्यांना देव म्हणतो त्यांना इराणी लोक दुष्ट मानतात आणि आपले असुर हे त्यांचे ईश्वर, तेव्हा दोन्ही जमातींत मोठे धर्मयुद्ध होऊन त्या फुटल्या असाव्यात, हा त्याचा तर्क मराठीत अजून हौसेने सांगितला जातो. तो आता बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणाला असुर म्हणणे हा त्याचा गौरव आहे. असुरांना वाईट अर्थ आला तो नंतर, भारतातल्या भारतात. तिकडे जरथुष्ट्राने देवांना नाकारले ते शेजाऱ्याशी भांडण म्हणून नव्हे. लूटमार आणि गुरांची कत्तल करणाऱ्या टोळ्या ज्या देवतांच्या नावाने हिंसा करत, त्यांना त्याने नाकारले. लोकमान्य टिळकांनीही 1903 च्या आपल्या ग्रंथात आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाकडे ठरवताना अवेस्तेतल्या वेंदिदाद या भागातल्या हिमप्रलयाच्या कथेचा मोठा आधार घेतला होता. तो सिद्धांतही मान्य झाला नाही. पण वेद समजून घ्यायचा तर अवेस्ता उघडावी लागते, ही टिळकांची दृष्टी योग्यच होती.

गाथांत काय आहे, ते थोडक्यात सांगायला हवे. अहुर मज्दा हा ज्ञानी स्वामी. विश्वाची जी खरी, सरळ, न्याय्य व्यवस्था, ती अश. आपल्या वैदिक ऋताचे हे भावंड. तिच्या विरुद्ध द्रुज, म्हणजे असत्य, फसवणूक. आरंभी दोन जुळे मैन्यू, दोन वृत्ती, समोरासमोर आल्या. एकीने जीवन निवडले, दुसरीने त्याचा नाश. इथवर ही एखादी सृष्टिकथा वाटेल. पण गाथांचा रोख पुढे माणसाकडे वळतो. कानांनी ऐका, उजळ मनाने पारखा आणि मग प्रत्येकाने आपापल्यासाठी ठरवा, असे आवाहन तिथे आहे. कुळाने ठरवायचे नाही, राजाने नाही, पुरोहितानेही नाही. जो निवडेल तसे त्याचे पुढे होईल. मृत्यूनंतर चिन्वत पुलावर प्रत्येकाच्या कर्माचा हिशेब होईल, आणि अखेरीस असत्याचा पराभव होऊन जग पुन्हा निर्मळ होईल. आपल्या कर्मसिद्धांताशी याचे नाते आहे, तरी एक भेद महत्त्वाचा आहे. आपल्याकडे कालचक्र फिरत राहते, युगे येतात आणि जातात. मोक्ष मिळतो तो व्यक्तीला, आणि तोही चक्रातून सुटून. जरथुष्ट्राच्या कल्पनेत सगळे जगच सुधारायचे आहे आणि काळ त्या दिशेने चालला आहे. त्यामुळे शेतात बी पेरणे, ओसाड जमीन पिकवणे, खरे बोलणे, गुरांना जपणे ही सारी त्या विश्वव्यापी कामातली हजेरी ठरते. संन्यासाला या धर्मात मान नाही, उपासतापासाला नाही, आणि संसार ही माया आहे असे तो कधीच म्हणत नाही.

पहिला आक्षेप येतो तो द्वैताचा. दोन शक्ती मानल्या, म्हणजे दोन ईश्वर मानले. मग याला उच्च धर्म कसे म्हणावे? हा वाद मुंबईत चांगलाच पेटला होता. 1839 मध्ये दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यातून मोठी खळबळ झाली आणि 1843 मध्ये पाद्री जॉन विल्सन यांनी पारशी धर्मावर जाडजूड ग्रंथ लिहून हाच द्वैताचा मुद्दा धरून हल्ला चढवला. हाउगच्या निबंधांनी सुधारक पारशांना उत्तर दिले: गाथांत ईश्वर एकच आहे, दोन आहेत त्या वृत्ती. मला मात्र वाटते की या उत्तरात थोडी घाई झाली. आधुनिक अभ्यासकांत यावर अजून दोन तट आहेत, आणि आपला धर्म एकेश्वरी आहे हे विल्सनना पटवून देण्याची गरजच मुळात का भासावी? द्वैताचा विचार तर्काला अधिक धरून आहे, असेही म्हणता येते. ईश्वर पूर्णपणे चांगला आहे आणि सर्वशक्तिमानही आहे असे मानले, तर निष्पाप मुलाच्या मरणाचे उत्तर द्यायला प्रत्येक धर्माची तारांबळ उडते. जरथुष्ट्री परंपरा सरळ सांगते की ते ईश्वराचे काम नाही, त्याच्या शत्रूचे आहे, आणि ईश्वराला तो शत्रू हरवायला तुमची मदत हवी आहे. हे उत्तर पटो न पटो, ते भेकड नाही. ‘जगातला पहिला एकेश्वरवाद’ हे बिरुदही त्याला चिकटवू नये. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात इजिप्तच्या अखेनातेनने एकाच सूर्यबिंबाची उपासना चालवली होती, आणि अवेस्तेच्या नंतरच्या भागात मिथ्र, अनाहिता असे पूज्य यजत आहेतच. जरथुष्ट्राची थोरवी ईश्वर किती मानले या मोजणीवर उभी नाही.

दुसरा समज अग्निपूजेचा. अग्नी हे अशाचे दृश्य रूप, प्रार्थनेला तोंड करायची दिशा. त्या अग्नीची प्रतिष्ठा कशी करतात, ते पाहिले की यामागचा विचार उमगतो. आतश बेहराम या सर्वोच्च दर्जाच्या अग्नीसाठी सोळा ठिकाणचे अग्नी आणावे लागतात. त्यात आकाशातून पडलेल्या विजेने पेटलेला अग्नी असतो, कुंभार, सोनार, लोहार, रंगारी, भटारी यांच्या भट्ट्यांचा असतो, आणि जळत्या चितेचाही असतो. प्रेताचा स्पर्श ज्या धर्मात सर्वांत मोठा विटाळ, त्या धर्माने चितेचा अग्नी टाकून दिलेला नाही. त्याला शुद्ध करण्याची रीत अशी: भोके असलेल्या चमच्यात चंदनाचा भुगा घेऊन तो चितेच्या अग्नीला न टेकवता वर धरतात. नुसत्या धगीने भुगा पेटतो. त्या नव्या अग्नीवर पुन्हा तसाच भुगा धरतात. असे 91 वेळा. मगच तो इतर अग्नींत मिसळायला योग्य ठरतो. समाजातल्या प्रत्येक कारागिराची आणि अखेरच्या अवस्थेतल्या माणसाचीही आच गोळा करून, तिच्यातला मळ काढत काढत एक निर्मळ ज्योत उभी करणे, यात त्या धर्माची जगाविषयीची सारी आशा आली. भारतात असे आठ आतश बेहराम आहेत, चार मुंबईत, दोन सुरतेत, एक नवसारीत आणि एक उदवाड्यात.

इराणी इतिहासात या धर्माची जागा ठरवताना भक्तिभाव थोडा बाजूला ठेवावा लागतो. इराणी सम्राट सायरसने इसवी सनापूर्वी 539 मध्ये बाबिलोन जिंकले आणि तिथे अडकलेल्या यहुद्यांना मायदेशी जाऊ दिले, म्हणून त्याच्या उदारपणाचे श्रेय सर्रास जरथुष्ट्राला दिले जाते. पण सायरसच्या प्रसिद्ध मृत्तिकालेखात गौरव आहे तो बाबिलोनच्या मर्दुक देवाचा. तो स्वतः कोणत्या धर्माचा होता हे त्या लेखावरून सिद्ध होत नाही. पुढच्या सम्राट दारयवहूचे तसे नाही. बेहिस्तूनच्या कड्यावरच्या त्याच्या लेखात अहुर मज्दाचे नाव पुन्हा पुन्हा येते, आणि बंडखोरांवर त्याचा मुख्य आरोप असतो तो असत्याचा. गाथांतला नैतिक शब्द इथे राजकारणाचा शब्द झालेला दिसतो, आणि त्यात धोकाही दिसतो. राजाचा शत्रू तोच सत्याचा शत्रू, हे समीकरण सासानी घराण्याच्या काळात, इसवी सन 224 नंतर, पुरते घट्ट झाले. तिसऱ्या शतकातला कर्तीर हा मुख्य धर्मगुरू आपल्या शिलालेखात अभिमानाने सांगतो की त्याने यहुदी, बौद्ध, ब्राह्मण, ख्रिस्ती आणि मानी या धर्मसंस्थापकाचे अनुयायी यांना राज्यात दडपून टाकले. निवड माणसावर सोपवणाऱ्या प्रेषिताच्या नावाने चाललेली ही बळजबरी. 651 मध्ये शेवटचा सासानी राजा तिसरा यज्दगर्द मर्व येथे मारला गेला आणि साम्राज्य अरबांच्या हाती गेले, तेव्हा सिंहासनाला बांधलेला धर्म सिंहासनाबरोबर घसरला. इतका थोर धर्म मग एवढ्या लवकर का बुडाला, असे विचारणाऱ्यांना दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे तो लवकर बुडाला नाही. इराण बहुसंख्येने मुसलमान व्हायला शतके लागली, आणि दीनकर्द, बुंदहिश्न यांसारखे पहलवी, म्हणजे मध्य फारसी, भाषेतले मोठे ग्रंथ नवव्या शतकात, मुसलमानी अमलाखालीच सिद्ध झाले. दुसरे उत्तर कर्तीरच्या शिलालेखातच आहे.

आता जगाच्या धर्मांवरचा प्रभाव. यहुदी लोक इसवी सनापूर्वी 539 पासून सिकंदराच्या स्वारीपर्यंत, म्हणजे दोन शतके, इराणी सत्तेखाली होते. या काळाच्या आधीच्या आणि नंतरच्या त्यांच्या ग्रंथांत पडलेला फरक एका ठिकाणी अगदी लख्ख दिसतो. बायबलच्या जुन्या करारात दावीद राजाने प्रजेची शिरगणती केल्याची गोष्ट दोनदा आली आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, म्हणजे जुन्या ग्रंथात, दावीदाच्या मनात हे पाप भरवतो तो रागावलेला परमेश्वर. इराणी काळात किंवा त्यानंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तीच गोष्ट, तोच राजा, पण चिथावणी देतो तो सैतान. मधल्या काळात कोणाला तरी वाटू लागले की चांगल्या ईश्वराच्या हातून वाईट घडता कामा नये. मेलेले पुन्हा उठतील ही कल्पना दानियेलाच्या पुस्तकात स्पष्ट होते, ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. तोबीतच्या कथेतल्या अस्मोदेउस या दैत्याचे नाव अवेस्तेतल्या अएश्म देवावरून आले असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्या दैत्याचा प्रसंग घडतो मीडियात, इराणी मुलखात. मृत समुद्राकाठी 1947 पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत सत्याचा आत्मा आणि असत्याचा आत्मा यांच्यात वाटलेल्या माणसांचे वर्णन आहे. ते वाचताना गाथांची आठवण टाळणे कठीण जाते. अंतिम न्याय, स्वर्ग-नरक, येणारा तारणहार या कल्पना पुढे ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांत गेल्या, आणि तिथून जगभर.

यावर जाणकारांचा आक्षेप वजनदार आहे. जरथुष्ट्री धर्मात अंतिम न्यायाचे आणि पुनरुत्थानाचे सविस्तर वर्णन येते ते नवव्या शतकातल्या पहलवी ग्रंथांत. तोवर ख्रिस्ती आणि इस्लामी विचार इराणात पसरले होते. मग उसने कोणी कोणाकडून घेतले? या प्रश्नाला उत्तर देणारा साक्षीदार पारशीही नाही आणि यहुदीही नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या थिओपोम्पस या ग्रीक इतिहासकाराने मगांच्या श्रद्धांची नोंद केली होती. त्याचा ग्रंथ हरवला, पण पुढच्या ग्रीक लेखकांनी त्याचा हवाला दिला आहे. मगांच्या मते माणसे पुन्हा जिवंत होतील, आणि दोन विरोधी शक्तींच्या झगड्यानंतर दुष्ट शक्ती संपून माणसे सुखी होतील, असे त्यात होते. ही नोंद दानियेलाच्या पुस्तकाहून जुनी आहे. म्हणजे विचार इराणात आधीच होता. दुसरा आक्षेप असा की यहुद्यांनी इतकी संकटे सोसली, की न्यायाची आणि पुनरुत्थानाची आशा त्यांना स्वतःच सुचली असेल. हे मी मान्य करतो. कोणताही समाज परक्याची कल्पना जशीच्या तशी उचलत नाही; स्वतःच्या दुःखाला उत्तर शोधताना शेजारच्या घरात दिसलेले उत्तर तो आपलेसे करतो. पण शेजार होता, तो दोनशे वर्षे होता आणि उत्तर तिथे आधीपासून होते, एवढे सिद्ध झाले की इराणी धर्माला वगळून यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी श्रद्धांचा इतिहास लिहिता येत नाही.

इराण सोडून आलेल्यांची कथा किस्सा-ए-संजाण या 1599 मध्ये रचलेल्या फारसी काव्यात आहे. दुधात साखरेची लाडकी गोष्ट त्यात नाही. त्यात आहे ते अधिक मोलाचे: गुजरातच्या किनाऱ्यावरील संजाणच्या राजाने आश्रय देण्यापूर्वी या लोकांना आपला धर्म समजावून सांगायला लावले. आपल्या राजांनी एकेकाळी आधी विचारले आणि मग निर्णय केला, ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे. समजावून सांगण्याचे ते काम पुढे पांडित्याने चालू राहिले. बाराव्या शतकाच्या सुमारास नेर्योसंघ धवल या पारशी पंडिताने यस्नाचे संस्कृत भाषांतर केले. संजाणवर संकट आले तेव्हा तिथला पवित्र अग्नी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहेत परंपरेप्रमाणे बारा वर्षे सांभाळला गेला; 1742 पासून तो उदवाड्यात आहे. आणि मायदेशी राहिलेल्या धर्मबंधूंचे ओझेही मुंबईनेच उचलले. 1854 मध्ये माणेकजी लिमजी हाटरिया इराणला गेले आणि अनेक वर्षे खटपट करून 1882 मध्ये तिथल्या जरथुष्ट्री लोकांवरचा जिझिया शाहाकडून रद्द करवून घेतला.

शेवटचा आक्षेप सर्वांत अडचणीचा आहे, कारण तो माझ्या मूळ मुद्द्यालाच हात घालतो. निवड हा या धर्माचा गाभा असेल, तर आज बाहेरच्या माणसाला तो निवडता का येत नाही? 1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांच्यापुढे हाच प्रश्न आला. रतनजी दादाभाई टाटांच्या फ्रेंच पत्नीने नवजोत करून घेतला होता. पण पारशी समाज म्हणजे मूळ निर्वासितांचे वंशज, इराणातून आलेले जरथुष्ट्री आणि पारशी बापाची रीतसर धर्मात घेतलेली मुले, अशी मर्यादा निकालाने घातली. आईकडून पारशी असलेल्या मुलांना त्यात जागा नाही. ज्या धर्मात मुलीला मुलाइतकीच कुस्ती बांधली जाते, तिथे लग्नानंतर मुलीचे स्थान हिरावणे आणि मुलाचे राखणे याला गाथांत आधार सापडत नाही, असे मला स्पष्ट वाटते. पण हे कसे घडले, तेही समजून घ्यायला हवे. हजार वर्षे परक्या मुलखात मूठभर राहिलेल्या समाजाने टिकाव धरला तो कुंपण घालून. कुंपण नसते, तर मगांसारखे तेही आपल्यात विरघळले असते आणि गाथा पाठ म्हणणारे कोणी उरले नसते. आता आकडे उलटे बोलतात. 1941 मध्ये देशात सुमारे 1 लाख 14 हजार पारशी होते, 2001 मध्ये 69,601 आणि 2011 मध्ये 57,264. जन्मदर वाढावा म्हणून 2013 मध्ये केंद्र सरकारला ‘जियो पारसी’ योजना आणावी लागली. काय करायचे तो निर्णय त्या समाजाचा आहे आणि त्यांच्यातही त्यावर तीव्र मतभेद आहेत. बाहेरच्याने एवढे म्हणावे की जरथुष्ट्राचे शब्द दार उघडे ठेवणाऱ्यांच्या बाजूचे आहेत.

आपल्या हाती मात्र एक गोष्ट नक्की आहे. अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, बिगर पारशांना प्रवेश नाही, पण या धर्माचा महाराष्ट्रातला सर्वांत जुना लेखी पुरावा सर्वांना खुला आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या 90 क्रमांकाच्या लेण्यात पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. यज्दगर्दी सनात दिलेल्या त्यांच्या तारखा इसवी सन 1009 आणि 1021 अशा येतात. तिकडे इराणात कवी फिर्दौसी शाहनामा संपवत होता, त्याच सुमारास हे लोक इथे एका बौद्ध लेण्यात आपले अस्तित्व नोंदवत होते. हे लेख वाचून प्रसिद्ध करणारा एडवर्ड वेस्ट मुंबईत प्रथम आला होता तो कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर देखरेख करायला. पुढे तो रेल्वेचा इंजिनिअर झाला, पुण्याच्या हाउगचा सहकारी झाला आणि पहलवी ग्रंथांचा सर्वांत मोठा भाषांतरकार झाला. कापडाच्या कामासाठी इचलकरंजीहून मुंबईला जाणाऱ्यांनी सवड काढून एकदा ते लेणे पाहावे. अवेस्ता वाचायची असेल, तर पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने ती देवनागरीत छापली आहे. गावातल्या वाचनालयांनी तिचा शोध घ्यावा आणि गाथांचा परिचय करून देणारी पुस्तके वाचकांसमोर ठेवावीत. आणि शाळेत मुलांना शिकवताना ‘पारशी म्हणजे अग्निपूजक’ हे वाक्य आजपासून गाळावे.